नानांचा जबाब आधी लिहून घ्या

पत्र: "माझे वडील (आम्ही त्यांना नाना म्हणतो) 83 वर्षांचे आहेत. 1966 साली मुंबईहून इंग्लंडला आले आणि मिडलंड्समधल्या एका कंत्राटदार कंपनीत फिटर म्हणून वीजकेंद्रांच्या देखभालीवर बरीच वर्षं होते. गेल्या हिवाळ्यात दम लागायला लागला. छातीतलं पाणी काढलं, बायॉप्सी झाली आणि मेसोथेलिओमा (ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं होणारा, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) निघाला. नर्सनं सॉलिसिटरला (दावा तयार करणाऱ्या वकिलाला) भेटायला सांगितलंय. नाना म्हणतात, 'या देशानं मला भाकरी दिली, मी त्याच्यावर दावा लावणार नाही.' कंपनी तर चाळीस वर्षांपूर्वीच बंद पडली. इकडे यायच्या आधी नाना मुंबईत रेल्वेच्या एका कारखान्यात चार वर्षं होते, तिथंही बॉयलरचंच काम. भाऊ म्हणतो, ते सांगायचंच नाही, नाहीतर केस जाईल. चुलतभाऊ म्हणतो, थेट बॅरिस्टर गाठा, पण खर्चापायी घर विकायची तयारी ठेवा. नानांना उरलेले दिवस शांतपणे जगू द्यावेत की या भानगडीत पाडावं, हेच मला कळेनासं झालंय." — एक लेक, डर्बी

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण घाई एकाच गोष्टीची आहे. नानांना बोलवतंय तोवर, त्यांनी कुठं आणि काय काम केलं हे त्यांच्या तोंडून लिहून घ्या. दावा करायचा की नाही, कुणावर, किती, हे महिन्याभरानं ठरवलं तरी चालेल. जबाबाला तेवढी सवड नाही. मी इंग्लंडमध्ये याच प्रकारच्या दाव्यांत बॅरिस्टर म्हणून काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या फायलींमध्ये सगळ्यात अवघड त्या असतात, ज्यांत माणूस गेलेला असतो आणि तो नेमका कशाजवळ उभा राहून काम करायचा हे सांगणारं मागं कुणी नसतं. बायकोला एवढंच माहीत असतं की 'हे पॉवर स्टेशनला जायचे'. तेवढ्यावर दावा उभा करणं फार कठीण जातं.

हा आजारच तसा आहे. ॲस्बेस्टॉसची (उष्णता अडवायला पाइप-बॉयलरवर लावायच्या तंतुमय खनिजाची) धूळ छातीत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत तीस-चाळीस वर्षं जातात, कधी पन्नासच्याही वर. तोवर फोरमन वारलेले असतात, कागद रद्दीत गेलेले असतात, साइट जमीनदोस्त झालेली असते. मग मुख्य पुरावा उरतो तो आजारी माणसाची आठवण.

जबाब म्हटल्यावर नानांच्या डोळ्यांपुढं कोर्टाचा पिंजरा येत असेल. तसं काही नसतं. या कामातला चांगला सॉलिसिटर घरी येतो, नानांना बरं वाटत असेल त्या वेळी बसतो, दमले की उठतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. तो काय विचारेल ते थोडं सविस्तर सांगतो, म्हणजे तुम्हाला तयारी करता येईल.

"खूप धूळ असायची" या वाक्याचा कोर्टात फारसा उपयोग होत नाही. नाना फिटर होते, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा फ्लँज (पाइपाचा जोड) उघडायला आधी पाइपावरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, फोडावं लागत असणार. कशानं फोडायचे, हातोडी-छिन्नीनं? ते ओलं करून घ्यायचे की सुकंच? तुकडे खाली पडले की कोण उचलायचं? शेजारी लॅगर लोक (हे आवरण चढवणारे) पिंपात पोत्यातली पूड ओतून पाणी घालून कालवायचे. त्या लगद्याला तेव्हा कामगार 'मंकी डंग' म्हणायचे. नानांना तो शब्द आठवतो का बघा, एक शब्द आठवला की त्याच्यामागून पुष्कळ काही येतं. पोतं ओतताना ढग उठायचा का? नाना त्यापासून किती फुटांवर असायचे? वरच्या मजल्यावर लॅगिंग चालू असताना जाळीच्या फ्लोअरिंगमधून खाली काही पडायचं का? संध्याकाळी झाडलोट सुक्या झाडूनं व्हायची का? चहा कुठं प्यायचे, कँटीनमध्ये की तिथंच पोत्यांवर बसून? मास्क मिळाला का, मिळाला तर कोणत्या साली? ओव्हरऑल कंपनी धुवायची की घरी आणायचे?

यातली दोन-तीन उत्तरं जरी नेमकी मिळाली, तरी दावा आपल्या पायावर उभा राहतो. 'खिडकीतून ऊन यायचं तेव्हा समोरचा माणूस धुरकट दिसायचा' अशा एका वाक्यावर दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ इंजिनिअर पानंच्या पानं लिहितात. मात्र ते वाक्य नानांचंच हवं. तुम्ही किंवा भावानं ते सुचवू नका. "असं असेल ना नाना?" अशा प्रश्नानं सुरू झालेला जबाब उलटतपासणीत लगेच ओळखू येतो. आणि त्यांना ॲस्बेस्टॉस हा शब्द तेव्हा माहीत नसेल, तर तसंच सांगू द्या. पूड पांढरी होती, करडी होती की निळसर, पोत्यावर काय छापलेलं होतं, एवढं पुरे.

आपल्या लोकांना सहसा माहीत नसलेली एक गोष्ट. नानांना मराठीतच मोकळं बोलता येत असेल, तर जबाब मराठीतच लिहायचा. 2020 पासून इथल्या दिवाणी कोर्टांचा नियम स्पष्ट आहे: जबाब साक्षीदाराच्या स्वतःच्या भाषेत हवा आणि शक्य तितका त्याच्या स्वतःच्या शब्दांत. 'हे खरं आहे' असं लिहून ज्याखाली सही करायची ते प्रतिज्ञेचं वाक्यसुद्धा त्याच भाषेत. सोबत अनुवाद आणि अनुवादकाचं प्रमाणपत्र जोडायचं. साठ वर्षं या देशात काढलेला माणूससुद्धा आजारपणात आपल्या भाषेकडे वळतो, हे मी वारंवार पाहिलंय. इंग्रजीत 'येस, व्हेरी डस्टी' म्हणून थांबणारे नाना मराठीत अर्धा तास बोलतील. सॉलिसिटरला पहिल्याच फोनवर हे सांगा आणि दुभाषी मागून घ्या. तुम्ही स्वतः दुभाषी होऊ नका, विरुद्ध बाजू त्यावर बोट ठेवते.

जबाबावर सही झाली आणि पुढं काही बरं-वाईट झालं, तरी तो वाया जात नाही. 1995 च्या पुराव्याच्या कायद्यानुसार तो कोर्टापुढं ठेवता येतो. फार वादग्रस्त प्रकरण असेल, तर कोर्टाच्या परवानगीनं घरीच, पलंगाशेजारी, दोन्ही बाजूंचे वकील बसवून शपथेवर साक्ष नोंदवता येते. तशी वेळ येऊ नये अशीच माझी इच्छा आहे, पण ती सोय आहे हे माहीत असू द्या.

आता मुंबईतल्या त्या चार वर्षांबद्दल. तुमच्या भावाला कळकळीनं सांगा, ते लपवायचं नाही. एक तर ते लपणार नाही. मेसोथेलिओमाचा संशय आला की डॉक्टर सगळ्यात आधी विचारतात, आयुष्यात काय काय कामं केलीत? नानांनी रेल्वेचं नाव घेतलंच असेल, आणि ते हॉस्पिटलच्या कागदांत लिहिलेलं असेल. ते कागद विरुद्ध बाजूच्या हातात जातातच. आणि 2015 च्या कायद्यानं इथल्या कोर्टाला असा अधिकार दिलाय की दावेदार मूळ गोष्टींत अप्रामाणिक वागला असं दिसलं, तर एरवी खरा असलेला दावाही पूर्ण फेटाळला जाऊ शकतो. जे सांगितल्यानं काहीच बिघडत नाही, ते लपवून सगळं घालवायचं?

कारण खरंच काही बिघडत नाही. एकाहून जास्त ठिकाणी ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्या माणसाला नेमक्या कुठल्या धुळीनं हा आजार झाला, हे विज्ञान आजही सांगू शकत नाही. पूर्वी मालक याच गोष्टीचा आधार घ्यायचे: 'आमचीच धूळ कारणीभूत होती हे सिद्ध करा.' 2002 साली फेअरचाइल्ड खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयानं) ती वाट बंद केली. ज्या मालकानं निष्काळजीपणे धोका लक्षणीय वाढवला, तो जबाबदार. मग मे 2006 मध्ये बार्कर खटल्यात त्याच लॉर्ड्सनी म्हटलं, जबाबदार खरा, पण आपापल्या वाट्यापुरताच. त्यावर कामगार संघटना आणि आजारी माणसांच्या कुटुंबांनी एवढा आवाज उठवला की तीन महिन्यांच्या आत पार्लमेंटनं काँपेन्सेशन ॲक्ट केला, आणि त्याच्या तिसऱ्या कलमात मेसोथेलिओमापुरतं स्पष्ट लिहिलं: जबाबदार मालकानं पूर्ण नुकसान भरून द्यायचं, मग त्या माणसाला आणखी कुठंही धूळ लागलेली असो. ती मुंबईत लागली काय नि मँचेस्टरला काय. माझ्या मते हे कलम म्हणजे इंग्लंडच्या कामगारांनी गेल्या पंचवीस वर्षांत मिळवलेल्या मोठ्या गोष्टींपैकी एक आहे, आणि नानांसारख्या दोन देशांत घाम गाळलेल्या माणसाला त्याचा सगळ्यात जास्त उपयोग आहे.

नाना 1966 ला आले हेही त्यांच्या बाजूचं आहे. ऑक्टोबर 1965 मध्ये 'संडे टाइम्स'नं ॲस्बेस्टॉसची थोडी धूळसुद्धा जीवघेणी ठरू शकते, अशी बातमी छापली. घरी कपडे धुणाऱ्या बायकांपर्यंत हा आजार पोचल्याचं संशोधन त्याच वर्षी आलं होतं. त्यानंतर 'आम्हाला कल्पना नव्हती' हे म्हणणं मालकांना फार जड जातं.

नानांच्या मनातली अडचण मला समजते आणि तिचा मला आदर आहे. पण दावा देशावर नसतो, आणि बहुतेक वेळा पैसे कंपनीच्या खिशातूनही जात नाहीत. 1969 च्या कायद्यानं, 1 जानेवारी 1972 पासून, इथल्या प्रत्येक खासगी मालकाला कामगारांसाठी विमा उतरवणं सक्तीचं केलं. पुष्कळ कंपन्यांनी त्याआधीही उतरवलेला होता. त्या विम्याचे हप्ते नानांच्या पिढीच्या श्रमांतूनच भरले गेले. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं ठरवलं की धूळ छातीत गेली त्या वर्षी ज्या विमा कंपनीची पॉलिसी होती, तिनंच पैसे द्यायचे, आजार कितीही उशिरा उमटो. म्हणून कंपनी बंद पडली यानं घाबरू नका. जुन्या पॉलिसी शोधायला 2011 पासून स्वतंत्र कार्यालय आहे, विसर्जित झालेली कंपनी अशा दाव्यासाठी नोंदणीत परत आणता येते, आणि बुडालेल्या कंपनीच्या विमा कंपनीवर थेट दावा करण्याची वाट 2016 पासून बरीच सोपी झालीय. पॉलिसी सापडलीच नाही, तर 2014 च्या मेसोथेलिओमा कायद्याखाली एक योजना आहे. तिचा पैसाही विमा कंपन्यांवरच्या आकारणीतून येतो.

आणखी एक गोष्ट नानांच्या कानावर घाला. 2010 साली एका खटल्यात कोर्टानं धर्मादाय हॉस्पिसनं (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणाऱ्या संस्थेनं) केलेल्या शुश्रूषेचा खर्चही मंजूर केला. तो हॉस्पिसला मिळाला. पुढं कधी नानांना हॉस्पिसची गरज पडली, तर त्यांच्या दाव्यातून त्या संस्थेचं देणं फिटू शकतं. 'मला पैसे नकोत' म्हणणाऱ्या काही बाप्यांना हे पटतं.

एवढं सांगूनही ते नाही म्हणाले, तर नाही. दावा त्यांचा आहे, तुमचा किंवा भावाचा नाही, त्यांच्यामागं लागू नका. फक्त जबाब आणि सही तेवढी मागा. निदान कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, आणि त्या मुदतीत ते गेले तर आईला स्वतंत्रपणे, मृत्यूपासून साधारण तीन वर्षांत, दावा करता येतो. नानांनी आपल्यासाठी नको म्हटलं तरी आईची वाट बंद करायला ते तयार होतील असं मला वाटत नाही.

चुलतभाऊंचं म्हणणं अर्धं खरं आहे. बॅरिस्टरकडे थेट जाता येतं, 2004 पासून तशी मुभा आहे. पण या कामात जाऊ नका. नोकऱ्यांचा इतिहास इथल्या कर खात्याकडून मागवणं, विमा शोधणं, हॉस्पिटलचे कागद गोळा करणं, डॉक्टरांचे अहवाल मिळवणं ही सगळी कामं सॉलिसिटरच्या कार्यालयाची. मराठी घरात बॅरिस्टर म्हटलं की ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेले बाबासाहेब आठवतात, भरल्या कोर्टातलं भाषण आठवतं. माझा बहुतेक दिवस मात्र कागद वाचण्यात जातो: छातीचे स्कॅन, 1970 मधली पगारपत्रकं, नानांसारख्यांचे जबाब. दाव्याचा मसुदा मी लिहितो, रक्कम किती मागावी यावर सल्ला देतो, गरज पडली तर कोर्टात बाजू मांडतो. मला सॉलिसिटर नेमतो. तुम्ही बघायचं ते एवढंच की सॉलिसिटर रोज ॲस्बेस्टॉसचीच कामं करणारा आहे का. गाडीच्या अपघातांचे दावे चालवणारा नको.

घर विकायची गरज नाही. अशी कामं 'जिंकलो तर फी' या करारावर चालतात. 2013 मध्ये नियम बदलले आणि बहुतेक अपघात-आजारांच्या दाव्यांत वकिलाची जादा फी दावेदाराच्या भरपाईतून कापायची मुभा आली. मेसोथेलिओमा त्या बदलातून मुद्दाम वगळलेला आहे. ती फी आजही हरणाऱ्या बाजूकडून वसूल होते, आणि हरलो तर येणाऱ्या खर्चासाठी घेतलेल्या विम्याचा हप्ताही. म्हणून पहिल्या भेटीत सरळ विचारा, "नानांच्या पैशांतून तुम्ही किती टक्के कापणार?" उत्तर 'काहीच नाही' असं हवं. दुसरं काही आलं, तर उठा आणि दुसरा सॉलिसिटर बघा.

लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसमध्ये ॲस्बेस्टॉससाठी खास न्यायाधिकारी आहेत. नानांचा जबाब आणि डॉक्टरांचा अहवाल ठीक असेल, तर ते विरुद्ध बाजूलाच विचारतात, 'निकाल तुमच्याविरुद्ध का देऊ नये, ते दाखवा.' दाखवता आलं नाही तर जबाबदारीचा निकाल तिथंच लागतो आणि पैशांचा पहिला हप्ता लवकर मिळतो. आजारी माणूस हयात आहे म्हटल्यावर तारखाही लवकर देतात.

इथं एक अवघड निर्णय येतो. नानांच्या हयातीत पूर्ण तडजोड झाली, तर नंतर आईला पतीच्या आधाराच्या नुकसानीचा दावा करता येत नाही. नानांचं पेन्शन मोठं असेल आणि आई वयानं बरीच लहान असेल, तर जबाबदारीचा निकाल आणि पहिला हप्ता आत्ता घेऊन बाकी पुढं ठेवणं आईच्या फायद्याचं ठरू शकतं. उलट, आपल्या डोळ्यांदेखत सगळं मिटलेलं पाहायचं असेल, तर नानांना तोही हक्क आहे. आकडे मांडल्याशिवाय हे कुणीच सांगू नये. याच प्रश्नासाठी बॅरिस्टरची एक भेट मागा, आणि त्या भेटीला आईलाही न्या.

आईचा जबाबही घ्या. नानांचे ओव्हरऑल ती परसात झटकून मग धुवायची का, कॉलरवर काय दिसायचं, हे तिच्याशिवाय कोण सांगणार? तिला स्वतःला काही त्रास नसेल तर घाबरायचं कारण नाही. फक्त नवऱ्याचे कपडे ती धुवायची, ही नोंद तिच्या डॉक्टरकडे करून ठेवा. आणि आजपासून एक वही घाला: रात्री नानांसाठी कितीदा उठलात, आंघोळ कोण घालतं, हॉस्पिटलच्या फेऱ्या, पार्किंगचे पैसे, हीटिंगचं वाढलेलं बिल. घरच्यांनी केलेल्या सेवेचंही कोर्ट मोल करतं.

सरकारी मदतीचे अर्ज याच आठवड्यात भरा, त्यासाठी दाव्याची वाट बघायची नसते. इंडस्ट्रियल इंज्युरीज डिसेबलमेंट बेनिफिटमध्ये (नोकरीतून आलेल्या इजा-आजारासाठीच्या सरकारी भत्त्यात) मेसोथेलिओमाला पूर्ण शंभर टक्के अपंगत्व धरतात. त्याच्याबरोबर 1979 च्या कायद्याखालची एकरकमी मदत मागा. ती वर्षाच्या आत मागावी लागते आणि हयातीत मागितली तर नंतर वारसांना मिळते त्याहून बरीच जास्त असते. दावा जिंकल्यावर ही रक्कम भरपाईतून वळती होते, पण तोवर हाताशी पैसे राहतात. हे सगळं मी इंग्लंड आणि वेल्सपुरतं सांगतोय. स्कॉटलंडचे नियम काही बाबतींत वेगळे आहेत.

शेवटची गोष्ट लिहिताना मलाही जड जातंय, पण ऐनवेळी कळण्यापेक्षा आत्ता कळलेली बरी. नोकरीतून आलेल्या आजारानं मृत्यू झाला की इथल्या डॉक्टरांना कोरोनरला (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावंच लागतं. त्यामुळं अंत्यसंस्काराला उशीर होऊ शकतो, कधी शवविच्छेदनाचा विषय निघतो, आणि आपल्या घरात त्यानं फार यातना होतात. नानांची बायॉप्सी झालेली आहे आणि निदान पक्कं आहे. अशा वेळी शवविच्छेदनाची गरज बऱ्याचदा पडत नाही. बायॉप्सीच्या अहवालाची प्रत घरात हाताशी ठेवा. लवकर अग्नी देण्याची घरची इच्छा आहे हे जीपीच्या (नेहमीच्या डॉक्टरच्या) कागदांत आत्ताच नोंदवून घ्या, आणि त्या दिवशी कोरोनरच्या कार्यालयाला पहिला फोन सॉलिसिटरला करू द्या.